पेठांमधला पायी वॉक : चार स्टार, पाचवा नाश्त्यात गेला

आम्ही नागपूरचे. दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन कोकणात निघालो होतो, मी, बायको, बारा वर्षांचा पोरगा आणि आई. समृद्धीवर गाडी अशी पळाली की वाटलं संध्याकाळी चहाला पुण्यात, पण वाघोलीपासून शिवाजीनगरपर्यंत जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरला पावणेदोन तास लागले आणि लॉजवर पोचल्यावर मी किल्ली बायकोच्या पर्समध्ये टाकली, म्हटलं आता दोन दिवस ही बाहेर काढायची नाही. पुणं आमच्यापैकी कोणीच धड पाहिलेलं नाही, मी ऑफिसच्या कामाने दोनदा आलो होतो तेव्हा हिंजवडीच्या पलीकडे गेलोच नव्हतो. म्हणून बायकोने रात्रीच ऑनलाइन शोधून या वॉकवाल्यांचा जुन्या पेठांमधला शनिवार सकाळचा वॉक बुक केला. माणशी पाचशे रुपये, नाश्त्यासकट, आणि बारा वर्षांच्या पोराचेपण पूर्ण पाचशे, हे मला जरा टोचलं ते आत्ताच सांगून टाकतो.

सकाळी शिवाजीनगरहून मेट्रो पकडली, दुसऱ्याच स्टेशनला कसबा पेठ. शनिवारवाड्यासमोर सातला जमायचं होतं. बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं जास्तीत जास्त बारा लोक, प्रत्यक्षात आम्ही बावीस. गाइड ताईंच्या कमरेला छोटा स्पीकर होता तो पहिल्या दहा मिनिटांत बसला आणि पुढचे तीन तास त्या बिचाऱ्या ओरडून बोलल्या. बावीस लोकांत मागे राहिलात तर अर्धं ऐकू येत नाही, त्यामुळे माझी टीप अशी की पहिल्या थांब्यापासून कोपर वापरा.

वाडा तेव्हा उघडलेला नव्हता आणि या वॉकमध्ये आत जाणं नाहीच, ही दुसरी गोष्ट त्यांनी आधी ठळक सांगायला हवी. आई दिल्ली दरवाज्यासमोर उभी राहून म्हणाली, "काहून रे, एवढ्या लांब येऊन भिंतच पाहाची का?" तेवढ्यात पोराने रील्समध्ये पाहिलेला प्रश्न टाकला, की इथे रात्री भुताचा आवाज येतो ना, काका मला वाचवा असा. ताई म्हणाल्या, "बाळा, भूत राहायचं तर डोक्यावर छप्पर नको? इथलं छप्पर १८२८ च्या आगीतच गेलं." झालं, पोरगा गप्प आणि मला कळलं की आपण खरंच पुण्यात आलोय. मग त्यांनी नीट सांगितलं, १० जानेवारी १७३० ला शनिवारी पायाभरणी, पहिल्या बाजीरावांचा वाडा, दरवाज्यावरचे ते खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर का आहेत, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून. भुताची गोष्ट नाही, पण तारीख आहे. मला ते आवडलं.

आणि मग हळूहळू लक्षात यायला लागलं की या बाई आम्हाला दाखवताहेत ते अर्धंअधिक तिथे नाहीच. लाल महालासमोर स्पष्ट म्हणाल्या, ही इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलीय, १६६३ मध्ये शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो महाल हा नव्हे, जागा इथलीच. दुसरा कोणी असता तर भिंतीवर हात ठेवून "याच खिडकीतून" वगैरे ठोकून दिलं असतं. पुढे फडके हौद चौकात मी येड्यासारखा हौद शोधत होतो. हौद काही दिसेना, नाव मात्र शाबूत. तिथे त्यांनी कात्रजच्या नळाचं सांगितलं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी शहरापर्यंत आणलं, नुसत्या उतारावर, पंप नाही काही नाही, मधेमधे हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले. माझं अख्खं आयुष्य पाइपलाइनच्या धंद्यात गेलं आणि तरी मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

पण पैसे वसूल कुठे झाले म्हणाल तर तांबट आळीत. कसबा गणपतीचं दर्शन घेऊन (ग्रामदैवत, मानाचा पहिला, आईने तिथे स्वतःची वीस मिनिटं काढली आणि ग्रुप थांबला, त्याबद्दल बाकीच्यांची माफी) आळीत वळलो तर आधी आवाज येतो, नंतर दुकान दिसतं. ठक ठक ठक, एका लयीत, आणि शेजारच्या दुकानातून दुसऱ्या लयीत. हे त्वष्टा कासार लोक, पेशवाईत इथे वसले. तांब्याचं भांडं घडून झालं की त्यावर बारीक ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात, मला वाटायचं ती नुसती नक्षी असते, पण एक काका म्हणाले की ठोक्याने पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं. त्यांनी पोराच्या हातात हातोडी दिली. पोराने तीन ठोके मारले, तिन्ही तीन ठिकाणी. काका हसले आणि स्वतः न बघता मारत गेले, आमच्याशी गप्पा मारत, आणि ओळ सुईने शिवल्यासारखी सरळ. बंब, घंगाळं हल्ली कोणी घेत नाही, हॉटेलवाले आणि सजावटवाले घेतात. बायकोने एक तांब्या घेतला. ताईंनी इथे एक शब्द बोलला नाही, बाजूला उभ्या राहिल्या, आणि ही या वॉकमधली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं. पंधराच का, हा माझा प्रश्न आहे. नाश्त्याला चाळीस दिलीत, इथे पंधरा?

त्रिशुंड गणपती सोमवार पेठेत, थोडं चालायला लागतं. छोटंसं काळ्या दगडाचं देऊळ, अठराव्या शतकात गोसाव्यांनी बांधलेलं, मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. दर्शनाआधी दाराबाहेरचं कोरीव काम बघा. साखळदंडाने गेंडा बांधताहेत आणि बांधणारे इंग्रज सोल्जर. बंगाल इंग्रजांच्या घशात गेला त्यावर ही टिप्पणी आहे असं म्हणतात. म्हणजे देवळाच्या दारावर दगडात राजकीय कार्टून, आणि बाहेरून स्कूटरवाले हॉर्न मारत जाताहेत, मान वर करून कोणी बघत नाही.

चालता चालता आईचं मनोरंजन वेगळंच चाललं होतं. इथल्या देवांची नावं. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. डुल्या मारुती म्हणे पानिपताच्या वेळी डुलला होता. आई म्हणाली, "आपल्याकडे देवाले एवढं चिडवत नाही बाप्पा." आणि गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ, हे कळल्यावर तर ती ताईंना सोडेचना. वेताळ पेठ रूटवर नव्हती.

दगडूशेठसमोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा नाही, डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारक व्हायचंय. पोरं दगडूशेठकडे फोटो काढत होती, गर्दी होती, खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून रिटायर झालेली. तिने रस्त्याच्या कडेला चपला काढल्या आणि हात जोडले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थांबला. ताई पुढचं बोलायच्या थांबल्या, आम्हीपण थांबलो. नंतर आईने गुडघा दुखतो म्हणून कुरकुर केली नाही, जी ती कसब्यापासून करत होती.

आता तक्रारी. नाश्त्याचं हॉटेल यांनी ठरवलेलं, नाव देत नाही, बाहेर वेटिंग, चाळीस मिनिटं गेली आणि बावीस जणांना चार टेबलांवर कोंबलं. मिसळ गोडसर. पुण्याच्या लोकांना ती तशीच आवडते हे मला मान्य आहे, पण तर्रीवर वाढलेल्या माणसाला रश्श्यात गूळ लागला की तो चमचा खाली ठेवतो, यात माझा दोष नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला पन्नास रुपये परत द्या, आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा पिऊ. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, तीन तासांत बाथरूमचा एकही ठरलेला थांबा नाही. वयस्कर बायका असतील तर आधी विचारून घ्या. आम्ही शेवटी नाश्त्याच्या हॉटेलातच अडून बसून बाथरूम वापरून घेतलं. बाकी रस्ते ओबडधोबड, सँडल नको.

मंडईत शेवट. १८८६ ची दगडी अष्टकोनी इमारत, आधी रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. इथे ताईंनी आवरतं घेतलं, घसा बसला होता. तुळशीबाग "तुमची तुम्ही बघा" म्हणून सोडून दिली, जे बायकोला फार आवडलं आणि मला दोन तासांनी कळलं का. परत जाताना मंडई स्टेशनवरून सरळ शिवाजीनगर. दुपारी आम्ही आपापले तिकीट काढून शनिवारवाडा आतून पाहिला. जोती आहेत, हिरवळ आहे, कारंज्याची जागा आहे. सकाळी बाहेर ऐकलेलं सगळं आत उभं करून बघता आलं. ताईंच्या ऐवजी दुसरं कोणी असतं तर अर्ध्या तासात बाहेर पडलो असतो, आम्ही दोन तास होतो.

तर चार स्टार. ताईंना पाच, मॅनेजमेंटला तीन, नाश्त्याला काय द्यायचं ते द्या. बारा म्हणाल तर बाराच घ्या, स्पीकर बदला.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या वळणांवर आईला गाडी लागली, डोळे मिटून मागे रेलून बसली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, परतताना एक दिवस जास्त धर, वेताळ पेठ राहिली.