धरणाखालचा खडशी: बीज सोडावं, डोह राखावा की पाण्यासाठी भांडावं?

मच्छीमार सोसायटीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आलाय. नदीतला खडशी, म्हणजे आपला दख्खनी महसीर, जाळ्यात येईनासा झालाय. पैसा आणि माणसांची मेहनत कशावर लावायची? समोर साधारण तीन वाटा असतात: मत्स्यबीज आणून सोडणं, एखादा डोह राखणं, किंवा धरणाच्या आणि बंधाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न हातात घेणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बीज सगळ्यात शेवटी.

हा मासा पुण्याचाच म्हणायला हवा. ब्रिटिश अधिकारी कर्नल सायक्सनं 1839 साली त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पावसाळ्यात नदी फुगली की तो वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. रोहू-कटल्याची मादी किलोमागे लाखाच्या हिशोबात अंडी देते, खडशीची काही हजारांतच. त्यातून ती वयात यायलाच काही वर्षं जातात. म्हणून एक पोटुशी मादी जाळ्यात गेली तर नुकसान मोठं असतं. धरण त्याच्या वाटेत दोनदा आडवं येतं: चढण अडवतं आणि पहिला पूरही पोटात ठेवून घेतं. त्या पुराच्या इशाऱ्यावरच तर मासा हलतो.

बीज सोडण्याचा मोठा फायदा म्हणजे ते लवकर होतं. एका सकाळी गाडी येते, पिशव्या उतरतात, फोटो निघतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं 1970च्या दशकापासून महसीरची पैदास केली आहे. तिथलं कौशल्य खरंच अव्वल आहे: पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचं वीर्य घालून मिसळायचं, मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायची. महसीरचं बीज देशभर गेलं त्यात या कामाचा वाटा मोठा.

पण याच बीजाची कावेरीतली गोष्ट निर्णय घेणाऱ्यानं ऐकायलाच हवी. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंच्याही वर जाणारा. तिथला मासा वाढावा या चांगल्या हेतूनंच 1970च्या दशकापासून तिथे आपला निळ्या परांचा खडशी सोडला गेला. गळानं मासेमारी करणाऱ्यांच्या पुढच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की आकडा महसीरचाच वाढत होता, पण तो आपल्या खडशीचा. मूळचा मासा जवळपास दिसेनासा झाला होता. 2018 साली त्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि अतिसंकटग्रस्त यादीत त्याचं नाव चढलं. चांगलं बीज चुकीच्या नदीत पडलं की असं होतं. म्हणून बीज घ्यायचंच तर पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारा: पैदाशीचे नर-माद्या कुठल्या खोऱ्यातले? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. भर दुपारी आणलेल्या पिशव्या पाहुणे यायची वाट बघत उन्हात पडून राहिल्या, आणि मग सरळ फाडून नदीत ओतल्या. दहा मिनिटांत काठाला पांढरी पोटं वर आली. पिशवी आधी नदीतच तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की थोडं थोडं मिसळायचं, आणि हे सगळं संध्याकाळी. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, स्वस्त पडतात, पण नदीत टिकायला निदान बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं तरी हवीत.

आता डोह. महाडजवळच्या वाळणकोंडीला किंवा वाड्याजवळ वैतरणेवरच्या तिळसेश्वराला एकदा जाऊन या. पाण्यावर चुरमुरे टाकले की खालून काळसर पाठी वर सरकतात, हातभर लांब मासे तोंड उघडून पाण्याला वळसा घालतात. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. तिथे सरकारी योजना नव्हती, मासे टिकले ते गावाच्या नियमामुळे. पैशाच्या दृष्टीनं डोह सगळ्यात स्वस्त आहे. पण वाईटपणा घ्यावा लागतो, कारण जिलेटिन किंवा ब्लीचिंग पावडर घेऊन येणारा बऱ्याचदा ओळखीतलाच असतो. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं 1897च्या मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे, तरी पहारा गावालाच करावा लागतो. ग्रामसभेचा ठराव, हद्दीच्या पाट्या, आणि सोसायटीच्या सभासदांची पाळी, एवढ्यावर सुरुवात होते. डोहाची मर्यादाही ध्यानात ठेवा: वरून सांडपाणी येत असेल तर डोह सापळा ठरतो. उन्हाळ्यात नदीभरचे मासे तिथेच गोळा झालेले असतात आणि एका रात्रीत सगळे मरू शकतात.

पाण्याचं काम सगळ्यात चिवट. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली नद्यांत कोरड्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या निदान 15 ते 20 टक्के पाणी वाहतं ठेवायला सांगितलं होतं. अर्जाला हा आधार घ्या. आवर्तनाचा, म्हणजे धरणातून पाणी कधी नि किती सोडायचं याचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो, तिथे माशाची बाजू मांडायला सहसा कुणी नसतं. उन्हाळी आवर्तन कालव्याऐवजी काही दिवस नदीतून सुटलं, तरी डोह तग धरतात. मात्र यात वर्षं जातात.

त्यातला एक भाग मात्र याच वर्षी जमण्यासारखा आहे. गावाच्या खालचा कोल्हापुरी बंधारा बघा. पावसाआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे असतात. गंजून अडकलेत किंवा आळसानं राहिलेत म्हणून ते तसेच असतील, तर चढणीचा मासा तिथेच थडकतो. बरगे वेळेवर निघाले तर अख्ख्या पावसाळ्यात वाट फुकटात मोकळी होते. मोठ्या धरणाला माशांची शिडी बांधा, असं कुणी सुचवेल. कोयनेसारख्या शंभर मीटर उंचीच्या भिंतीपुढे तो विचार सोडून द्या.

तर निवड कशी करायची? नदीत उन्हाळ्यात अजून थोडे जरी खडशी दिसत असतील, तर बीजाला एक रुपया घालू नका. डोह राखा आणि बरगे काढून घ्या, उरलेले मासे पैदाशीचं काम स्वतः करतील. मासा पूर्ण संपला असेल आणि तो पूर्वी याच नदीत होता हे जुने भोई खात्रीनं सांगत असतील, तरच बीज आणा. तेही डोहाचा पहारा निदान एक वर्ष नीट चालल्यावर. पाणीच सडलेलं असेल तर तिन्हींतलं काहीच चालणार नाही, आधी नाल्याचं बघा.

एक काम निर्णयाआधीच करता येतं. धरणाच्या खाली नदीला मिळणारा, अजून न अडवलेला एखादा ओढा असतो. पहिला पूर नदीला नाही, तरी त्याला येतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन त्याच्या तोंडाशी उभे राहा. चढणीला जाळी लावून बसलेल्यांशी बोला, त्यांच्या टोपलीत काय आहे ते बघा. तिथे हातभर लांब खडशी दिसला, तर पहिली पाटी त्या ओढ्यावर लावा.