टॅबवर दिसत होते, पण फोटो नव्हतेच

ताईचा फोन आला तेव्हा मी उलट तिलाच ऐकवलं.

"अरे, बाबांचा तो खुर्चीतला फोटो मोठा करून फ्रेम करून घ्यायचाय. तू पाठवलेली फाइल उघडतच नाही."

"तुझ्याच लॅपटॉपला काहीतरी झालं असेल. माझ्या टॅबवर आत्ता समोर दिसतोय की."

आणि खरंच दिसत होता. बाबा, त्यांचा चष्मा, मांडीवरचा पेपर, सगळं जागच्या जागी. गेले चार महिने घरातले सगळे जण तोच फोटो टॅबवर बघत होते. मूळ फाइल मात्र तेव्हाही अस्तित्वात नव्हती. ती डिस्कवर कधी लिहिलीच गेली नव्हती.

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हापासून १५ जीबीच्या आत राहण्यासाठी आमची काटछाट चालली होती. शेवटी ठरवलं की सगळ्यांचे फोटो एकाच जागी आणायचे: फोनमधले, जुन्या पेन ड्राइव्हमधले, ताईच्या लॅपटॉपमधले. अडगळीत पडलेल्या एका लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, फोटो दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम बसवला आणि बाहेरची डिस्क जोडली. टॅबवर ॲप. घराबाहेरून बघायचं तर वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी, कुलूपबंद रस्ता. राउटरचं एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, मी उघडं ठेवलं नव्हतं, कारण जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) इंटरनेटला उघडे असलेले हजारो नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेट्या, कसे कुलूपबंद केले ते वाचलेलं होतं. बाहेरच्या चोराचा एवढा बंदोबस्त केला, आणि चोर मी स्वतः विकत घेऊन यूएसबीला लावला होता.

ती डिस्क ऑनलाइन घेतली होती. तळहातावर मावणारी, धातूची, छान जड. '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी', म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. किंमत इतकी कमी की तिथेच थांबायला हवं होतं. त्या वेळी नामांकित कंपन्यांच्या खिशात मावणाऱ्या एसएसडी ८ टीबीच्या पुढे जात नव्हत्या, हे मला माहीत होतं. पण 'नवीन आलं असेल काहीतरी' असं मीच स्वतःला समजावलं. अभिप्राय वाचले, तर सगळे पाच तारे आणि 'पार्सल वेळेत मिळालं'. हे अभिप्राय खोटे असतीलच असं नाही. डिस्क मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस दुसरं लिहिणार तरी काय?

आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती. डिस्कवाले १ टीबी म्हणजे १००० जीबी धरतात आणि विंडोज १०२४ ने भागतं, म्हणून १६ टीबीची खरी डिस्क विंडोजमध्ये १४.५ च्या आसपास दिसते. माझी १५.९ दिसत होती. मी खूश झालो, जास्त जागा मिळाली म्हणून!

आतली लबाडी अशी असते. डिस्कमधला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप, संगणकाला आपली क्षमता सांगतो आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो, मोजून बघत नाही. या डिस्कच्या फर्मवेअरमध्ये (त्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) १६ टीबी असं खोटं भरलेलं होतं, आतली खरी जागा होती ६४ जीबी. ती भरली की पुढे काय पाठवाल त्याला कंट्रोलर 'लिहिलं' असं उत्तर देतो आणि टाकून देतो. काही बनावट डिस्क तर फिरून पुन्हा सुरुवातीपासून लिहितात, म्हणजे आधीचे चांगले फोटोही जातात. माझी पहिल्या जातीची होती, एवढंच नशीब.

मग चार महिने काही कळलं कसं नाही? याचं उत्तर माझ्याच मांडणीत होतं. वर्ष आणि महिन्यांचे रिकामे फोल्डर मी पहिल्याच दिवशी तयार केले होते. ते ६४ जीबीच्या आत बसले, त्यामुळे नंतरच्या फाइलींची नावं, तारखा, आकारसुद्धा शाबूत. उजवी टिचकी मारून माहिती बघा, ४.६ एमबी. आत बघा, काही नाही. त्यात नुकतीच लिहिलेली फाइल काही काळ संगणकाच्या रॅममध्ये राहते. मी फोटो डिस्कवर टाकले की प्रोग्रॅम लगेच ते वाचून थंबनेल (चिमुकलं चित्र) आणि प्रीव्ह्यू (मध्यम आकाराची नक्कल) बनवायचा. वाचायचा तो रॅममधून, आणि साठवायचा लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर. टॅब दाखवायचा तो हा प्रीव्ह्यू. पडद्यावर तो इतका स्वच्छ दिसतो की हा मूळ फोटो नाही अशी शंकाही येत नाही. कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो मी मुद्दाम उघडून पाहिले होते, तेही उघडले, पुन्हा रॅममधूनच. डिस्क काढून, परत लावून पाहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात भांडं फुटलं असतं.

आणि मग मी फोन मोकळे केले. पेन ड्राइव्ह फॉरमॅट केले. ताईच्या लॅपटॉपमधलं सगळं काढून टाकलं, तिला 'आता कसा हलका झाला बघ' म्हणालो.

तिच्या फोननंतर मी ती फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. जेपीइजीची सुरुवात नेहमी एफएफ डी८ या दोन बाइटनी होते. इथे पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत शून्यच शून्य. दुसरी फाइल, तेच. तिसरी, तेच. रात्री दोनपर्यंत मी फाइली उघडत बसलो, जणू एखादी तरी लाजेखातर उघडेल. साधारण ३१,००० फोटोंपैकी आधी चढवलेले १३,००० वाचले होते.

सकाळी डिस्कचं आवरण उचकटलं. आत नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड, एक छोटा बोर्ड, आणि वजनासाठी गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. ती पट्टी सोडली तर सगळं मिळून काड्यापेटीत मावलं असतं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तासाभरात: "सर, फॉरमॅट करून पुन्हा वापरून पाहा." हे ऐकू नका. फॉरमॅट केलं की पुरावाही जातो आणि उरलेले फोटोही. मग म्हणाला, तक्रार मागे घ्या, अर्धे पैसे देतो. परतीची मुदत संपलेली होती. हा धंदाच मुदतीवर चालतो. २० एमबी प्रति सेकंद या वेगाने १६ टीबी पूर्ण भरायला ९ दिवसांवर लागतात, आणि घरातले फोटो गेल्याचं लक्षात येईपर्यंत मुदत उलटून जाते. मी अर्धे पैसे नाकारले, चाचणीचा निकाल आणि उघडलेल्या डिस्कची छायाचित्रं जोडून बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराची तक्रार नोंदवली. पैसे पूर्ण परत आले. विक्रेता त्याच डिस्क दुसऱ्या नावाने विकताना नंतर दिसला.

या घाईत मी दुसऱ्यांदा फसता फसता राहिलो. डेटा परत काढून देणाऱ्या एकाने डिस्क न बघताच 'शंभर टक्के मिळतील' म्हणून आगाऊ रक्कम मागितली. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते तो आणणार कुठून? उलट फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर मी नंतर काही लिहिलं नव्हतं, तिथून फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने २,००० च्या वर फोटो काढून दिले. ताईच्या फोनमधल्या 'अलीकडे हटवलेले'मध्ये शेवटच्या महिन्याचे मिळाले. बाकीच्यांचे आता फक्त प्रीव्ह्यू उरलेत. बाबांचा फोटो त्यातलाच. टॅबवर सुरेख दिसतो, मोठा करायला गेलं की चष्म्याची काडी फुटून चौकोन चौकोन होतात.

'रेड का नाही लावलंस?' असं एका मित्राने विचारलं. म्हणजे तेच फोटो एकदम दोन डिस्कवर लिहायची सोय. अशाच दोन डिस्क लावल्या असत्या तर दोघी एकसुरात खोटं बोलल्या असत्या.

डिस्क नवी घेतलीत तर तिच्यात काही टाकण्याआधी, ती रिकामी असतानाच तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आहे, ते पूर्ण डिस्क भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्स आणि मॅकवर त्याच कामाचं एफ३. घाई असेल तर विंडोजवरचं व्हॅलिड्राइव्ह डिस्कभर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून काही मिनिटांत सांगतं. मी हे केलं असतं तर आवरण उचकटावं लागलं नसतं.

आता ४ टीबीची साधी हार्ड डिस्क आणली आहे, ओळखीच्या कंपनीची. विंडोजमध्ये ३.६३ दिसते, आणि तसंच दिसायला हवं. दुसरी तशीच ताईच्या घरी राहणार आहे. एच२टेस्टडब्ल्यूला लिहायला आणि वाचायला मिळून जवळजवळ अख्खा दिवस लागला. संध्याकाळी ताईचा फोन आला, झालं का म्हणून.

"झालं. एकही चूक नाही. उद्यापासून चढवायला घेतो."

"चढव. पण माझ्या फोनमधलं मी काही काढणार नाहीये हं."