घड्याळवाल्याने सोडवलेली तान

सासऱ्यांची नाट्यगीतांची एक एलपी, म्हणजे मोठी ग्रामोफोन रेकॉर्ड, आमच्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला ऐन तानेत सुई अडकायची आणि तेवढाच तुकडा घोळत राहायचा. सासरे सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवत. सुई पुढे सरके, पण ज्यांतून सुई फिरते त्या खाचा घासल्या जात त्या वेगळ्याच! मागे एकाने पॉलिश चोळून तीनशे रुपये घेतले. रेकॉर्ड आरशासारखी झाली, तान होती तिथेच.

शेवटी गेले दादरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे. रेकॉर्डशी त्यांचा काही संबंध नाही, पण डोळ्याला लावायचं भिंग आहे आणि हात थरथरत नाही. "वहिनी, नेमकी कुठं अडकते ते दाखवा, अख्खी तबकडी मी शोधत बसणार नाही." मी आधीच लेबलवर त्या रेषेत कागदाचा कपटा चिकटवला होता. भिंगातून मलाही बघू दिलं: नांगरलेल्या शेतासारख्या खाचा, त्यांना आडवा गेलेला ओरखडा, आणि एका जागी खाचेची कड आत कललेली. बस, एवढ्याशा कुसळाने आम्हाला दहा वर्षं छळलं.

उदबत्तीची काडी ब्लेडने तासून त्यांनी टोक केलं आणि खाचेच्याच दिशेने, अगदी हलक्या हाताने, दहाबारा वेळा फिरवलं. आडवं एकदाही नाही. मग रबरी फुग्याने फुंकर. त्यांच्याकडे प्लेअर नाही, त्यामुळे घर-दुकान अशा तीन खेपा झाल्या. हा वैताग धरूनच जा. तिसऱ्या खेपेला तान सलग वाजली. ओरखड्याची 'टक' मात्र दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, येतेच. "अडकणं जाईल, आवाज राहील," हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. घेतले दीडशे.

पुढच्या वेळी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जुनी तबकडी नेली, तर काकांनी पुसायला स्पिरिटचा बोळाच उचलला. "अहो, ही लाखेची आहे, विरघळेल!" असं मी ओरडले तेव्हा थांबले. तिला तडाच होता. हात न लावता, पैसे न घेता परत दिली.

सोमवारी बंद. दोन ते चार जेवायला जातात. मऊ फडकं घरून न्या, त्यांचं घड्याळाच्या तेलाने माखलेलं असतं.