प्रोटीन पावडर की वरणाचं पाणी?

वजन कमी करण्यासाठी पोटाची स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया ठरली की नंतरच्या आहारावरून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो पावडरचा डबा आणा, दुसरा म्हणतो आपलं वरणाचं पाणी, ताक, पेज काय वाईट?

हिशेब साधा आहे. बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं सांगतात. व्हे आयसोलेटच्या, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरच्या, एका चमच्यात, म्हणजे डब्यातल्या मापात, साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतात. वाटीभर गाळलेल्या वरणाच्या पाण्यात जेमतेम दोन-तीन. त्यात पोट एका वेळी दोन-चार घोटच घेणार, मग वाट्या रिचवायच्या तरी कशा? पेज तर जवळपास नुसता स्टार्च. सुरुवातीच्या पातळ आहारात माझं मत पावडरलाच.

पण चवीचं काय? शस्त्रक्रियेनंतर जीभ बदलते. काल आवडलेलं व्हॅनिला आज मळमळ आणतं. म्हणून मोठा डबा आधीच आणून ठेवू नका, छोटी पाकिटं घ्या, एखादं बिनचवीचंही. ते उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. कोमट वरणाच्या पाण्यात हळूहळू घोटलं की हिंग-जिऱ्याचा वास तसाच राहतो आणि सासूबाईही खूश.

मऊ आहार सुरू झाला की पारडं फिरतं. घोटलेलं मुगाचं वरण, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं यांतून प्रथिनं मिळू लागतात आणि खाल्ल्यासारखं वाटतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.