बालहृदयरोग विभाग : डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळासाठी घेतलेल्या उपचारांचा अभिप्राय

आमच्या नातीवर पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या बालहृदयरोग विभागात शस्त्रक्रिया झाली, त्या विभागाविषयी हे लिहीत आहे. डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि फुप्फुसांतील दाब चढलेला असला, तर मोठे छिद्र असूनही स्टेथोस्कोपला दोषाचा आवाज अनेकदा ऐकू येत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा लागतो. प्रसूतिगृहात मात्र ‘आवाज नाही, काळजी नको’ एवढ्यावर आमची बोळवण झाली होती. येथे नाव नोंदवल्या दिवशीच, बाळ दूध पिऊन झोपल्यावर, इको झाला. पडद्यावरचे लाल-निळे प्रवाह दाखवत डॉक्टरांनी हृदयाच्या मधल्या पडद्याचा मध्यभाग तयारच झालेला नाही आणि दोन झडपांच्या जागी एकच सामाईक झडप आहे, हे सावकाश समजावले.

या विभागाचा खरा गुण म्हणजे तो वेळ दवडत नाही. ‘आधी वजन वाढू द्या’ असा सल्ला आम्हाला इतरत्र मिळाला होता, परंतु या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या लवकर जाड होतात आणि एका मर्यादेपलीकडे शस्त्रक्रियाच करता येत नाही, त्यामुळे येथे तीन ते सहा महिन्यांच्या वयातच ती उरकण्याकडे कल असतो. ‘अशा मुलांवर एवढा खर्च कशाला?’ असे विचारणाऱ्या आप्तांसाठी (ते प्रत्येक घरात असतात) सांगतो, की या दोषाच्या शस्त्रक्रियेनंतर ही मुले इतर मुलांइतकीच तगतात. अमेरिकेत 1983 मध्ये त्यांचे सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होते, ते आता 60 च्या घरात आहे, आणि त्यात हृदयशस्त्रक्रियेचा वाटा मोठा आहे. भूलतज्ज्ञांनी मानेचे सांधे सैल असण्याची शक्यता ओळखून मान जपून हाताळण्याची सूचना फाइलवर ठळक लिहिली, हेही मला विशेष वाटले.

उणिवा आहेतच. सरकारी आरोग्य योजनेच्या कक्षात रेशन कार्ड आणि जन्मदाखला यांसाठी एकाच खिडकीवर पुन्हा पुन्हा उभे केले जाते, आणि डिस्चार्ज कार्डावर थायरॉइड तपासणीचा उल्लेखही नव्हता. ती आम्ही विचारून करून घेतली. शस्त्रक्रियेत सामाईक झडपेपासून केलेल्या डाव्या झडपेतून होणाऱ्या गळतीसाठी नियमित फेरतपासणी लागते, त्यासाठी मात्र शस्त्रक्रिया करणारेच डॉक्टर भेटतात.