नागपूरची दोन दिवसांची बेली डान्स कार्यशाळा: शिकवणं मनापासून, वेळापत्रक मात्र शहरापुरतं

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, असं काम. मुलगी नागपुरात शिकते. तिच्यासोबत फेब्रुवारीत, लग्नसराईचे ब्लाऊज यायच्या आधी, मी ही कार्यशाळा केली. शनिवार-रविवार मिळून आठ तास शिकवणं आणि रविवारी संध्याकाळी विद्यार्थिनींचा कार्यक्रम. फी माणशी १,८०० रुपये.

निघताना सासूबाईंनी विचारलं, "कायचा नाच वं हा? पोट उघडं टाका लागते का?"

"पाहून येतो, मंग सांगतो," म्हटलं.

त्याचं उत्तर आधी देते, कारण आमच्याकडची प्रत्येक बाई हेच विचारते. नाही लागत. आम्ही पंजाबी ड्रेसवर कमरेला ओढणी बांधून शिकलो. कार्यक्रमात निम्म्या मुली गलाबेयात होत्या. हा इजिप्तचा पायघोळ झगा असतो, गळ्यापासून घोट्यापर्यंत, आणि त्यावर कमरेला फक्त एक पट्टा. मणी-टिकल्यांची चोळी आणि घागरा, ज्याला बेदला म्हणतात, तो रंगमंचाचा पोशाख आहे. इजिप्तमध्ये तर व्यावसायिक नर्तकींना त्यातही पोटावर जाळीचं कापड घालायचा नियम आहे. या नाचाला तिकडे रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्यात 'पोट' हा शब्दच नाही. तो फ्रेंच नावातून आला आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत पसरला. हे शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, आणि माझ्या शेजारच्या दोन बायांनी घट्ट धरलेली ओढणी सैल केली.

शिकवणं सुरू झालं ते गुडघ्यांपासून. कमरेची थरथर, म्हणजे शिमी, कमरेतून काढायची नसते. गुडघे किंचित वाकवायचे, एक मागे जाताना दुसरा पुढे आणायचा, आधी हळू, मग वेगात. कंबर आपोआप हलते. मला वाटलं होतं, पायमशीन चालवणाऱ्या बाईला हे लगेच जमेल. नाही जमलं. मशीनवर टाच आणि पंजा चालतो, गुडघा नुसता सोबत करतो. मॅडम माझ्यासमोर खाली बसल्या, माझ्या दोन्ही गुडघ्यांवर बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "ताई, कंबर विसरा. माझी बोटं फक्त आळीपाळीनं ढकला." पाचेक मिनिटांनी कमरेच्या ओढणीतली नाणी एकदम एका लयीत वाजायला लागली. वीस वर्षं मशीनवर वाकून माझी पाठ आखडली आहे. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी वाटली, आणि मला तिथेच रडू आलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ताल. तयार गाणं लावून 'माझं पाहून करा' असं मॅडमनी केलं नाही. त्या स्वतः दरबुका घेऊन बसल्या. आमच्या ढोलकीला दोन तोंडं असतात, याला एकच, आकार सुरईसारखा. मधला भरीव आवाज 'डुम', कडेचा टणक आवाज 'टेक'. मकसूम ताल असा: डुम टेक, टेक डुम, टेक. सैदी असा: डुम टेक, डुम डुम, टेक. फरक फक्त मधल्या एका ठोक्याचा, पण चाल पार बदलते. सैदीत पाय जमिनीला जास्त धरून पडतो. आम्ही आधी टाळ्यांवर म्हटलं, मग पायांवर घेतलं. लहानपणी कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे टिपऱ्या खेळलेल्या बायांनी हे चटकन उचललं. शहरातल्या मुली आरशात कंबर पाहत होत्या, आम्ही गावाकडच्या तिघी-चौघी कानाने नाचत होतो.

सैदी म्हणजे दक्षिण इजिप्तचा. तिथे पुरुषांचा तहतीब नावाचा लाठीचा खेळ आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने तो वारशाच्या यादीत घेतला. त्यावरून बायकांचा हलक्या, वाकड्या मुठीच्या काठीचा नाच आला. गणपतीत आमच्या आखाड्यातली पोरं लाठी फिरवतात, तसं मनगट इथेही फिरतं, फक्त पकड हलकी आणि काठी डोक्यावर किंवा खांद्यावर अलगद ठेवायची. याला फक्त पाऊण तास मिळाला. दुसऱ्या दिवशी पाहुण्या शिक्षिकेला दिलेल्या दोन तासांतले थोडे इकडे दिले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटच्या कार्यक्रमातल्या नाचाची जोडणी इतकी भरभर दिली की मागच्या दोन रांगांना काहीच कळलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांची लक्षात राहिली. १९२६ मध्ये बदिया मसाबनी यांनी कैरोत आपलं संगीतगृह उघडलं. तिथल्या मोठ्या रंगमंचामुळे एका जागी होणारा हा नाच पुढे-मागे चालायला लागला आणि हात वर गेले. हे ऐकल्यावर हात का उचलायचे ते मला समजलं, तोवर नुसते उचलत होते.

आता ओढणी. कार्यशाळेतच नाण्यांची शिफॉनची ओढणी ४५० रुपयांना मिळते. रंग छान, वाजते छान, शिलाई वाईट. उलटी करून पाहा. सगळी नाणी एकाच अखंड दोऱ्यात ओवलेली आहेत, मध्ये गाठ नाही. एक जागी दोरा तुटला की अख्खी ओळ ओघळते. कार्यक्रमात नेमकं तेच झालं. एका मुलीची ओळ सुटली, नाणी रंगमंचावर पसरली, आणि सगळ्या अनवाणी. तरी पोरगी थांबली नाही, नाणी टाळत तिने नाच पूर्ण केला. नंतर मी पडद्यामागे बसून पाच जणींच्या ओढण्या हातानेच पक्क्या केल्या. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. घेणारच असाल तर घरी येऊन नायलॉनचा दुहेरी दोरा घ्या, प्रत्येक नाण्याला दोन टाके आणि एक गाठ. मला दोन संध्याकाळी लागल्या, पण आता एक नाणं हलत नाही. विकणाऱ्यांनी हे आधीच करून शंभर रुपये जास्त घ्यावेत.

विद्यार्थिनींच्या कार्यक्रमाला ते हाफला म्हणतात, अरबीत मेळावा किंवा समारंभ. इथे कोणाला नंबर दिला नाही. सहा महिने शिकलेली आणि दोन दिवस शिकलेली, दोघी एकाच रंगमंचावर. आमचा अकरा जणींचा गट अडीच मिनिटं नाचला. प्रेक्षकांतून जुन्या विद्यार्थिनी जीभ हलवून उंच आवाज काढत होत्या. अरब लग्नांत बायका आनंदाने काढतात तो, झगारीत. तो ऐकला आणि माझी भीती गेली. मुलगी माझ्या उजवीकडे होती. वळताना आमची नजर एकदा भेटली, ते मी विसरणार नाही.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत. सुरुवातीला कोणी विचारलं नाही की कोणाची पाठ दुखते, कोणाचं ऑपरेशन झालं आहे. गावाकडच्या चाळिशी ओलांडलेल्या बायांत गर्भपिशवी काढलेल्या किती असतात, हे आम्हाला माहीत आहे. फॉर्मवर दोन ओळी छापायला काय लागतं? कपडे बदलायची खोली एकच, तिला कडी नाही. आळीपाळीने दाराला पाठ लावून उभं राहावं लागलं. आणि कार्यक्रम पाचऐवजी पावणेसातला सुरू झाला. आमचा नंबर आठनंतर आला. तोवर गणेशपेठहून आर्वीकडे जाणारी माझी गाडी गेली होती. मी मुलीच्या खोलीवर राहिले. पण कारंजा आणि काटोलकडच्या दोघी न नाचताच निघून गेल्या. दोन दिवस घाम गाळून त्यांना रंगमंच मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेरगावच्या बायांना आधी नाचू द्या, एवढीच मागणी मी आयोजकांना लेखी देऊन आले.

पाचपैकी चार देते, एक गुण वेळेचा कापला. ज्यांना गुडघ्याचा जुना त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकी वयाची अडचण नाही, आमच्यात एकोणसाठ वर्षांच्या बाई होत्या आणि त्यांची शिमी सगळ्यांत स्वच्छ होती. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार होत नाही.

पुढची कार्यशाळा श्रावणात आहे. दुकानात दुपारी लाइट गेली की मी आणि गावातल्या दोघी टाळ्यांवर सैदी करतो. त्यातली एक, निंदणाला जाणारी, या वेळी माझ्यासोबत येणार आहे. मॅडमना फोनवर सांगून ठेवलं आहे की आम्ही रविवारी सहाच्या आत नाचणार, तरच पैसे भरणार. त्या हो म्हणाल्या.