विंडोज ११ : आषाढीनंतर केलेलं अपग्रेड

कराडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मंडळांची पावती पुस्तकं. दोन मशिनं आहेत आणि घर त्यांच्यावर चालतं, म्हणून विंडोज ११ आलं तेव्हा, ऑक्टोबर २०२१ मध्ये, मी हात लावला नाही. चालू कामात मशीन बिघडलं तर गिऱ्हाइकाचा मुहूर्त थांबत नाही.

पण विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. त्या दिवसानंतर मशीन बंद पडत नाही, नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबतात. माझ्याकडे दिवसभर दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, मेलवर लोकांची आधार कार्डं येतात. तसं उघडं मशीन ठेवणं मला पटत नाही.

आता कधी? तुळशीच्या लग्नापासून उन्हाळा संपेपर्यंत पत्रिका असतात. श्रावण लागला की गणपतीची पावती पुस्तकं. मधला आषाढच काय तो मोकळा. २०२५ मध्ये ६ जुलैला आषाढी एकादशी झाली आणि त्याच आठवड्यात मी काम काढलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला आणि तिथून चार फाइली उघडूनही पाहिल्या. नुसती कॉपी झाली म्हणून मी विश्वास ठेवत नाही.

मोठं मशीन दहाव्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचं, असेंबल केलेलं. मशीन विंडोज ११ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं तर म्हणे टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही. ते होतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या बोर्डावर ते बहुतेक पीटीटी या नावाने सापडतं. सुरू केलं आणि मशीन पात्र ठरलं. कुणी ‘नवीन मशीन घ्या’ म्हणालं तर आधी एवढं तपासा.

अपग्रेड दुपारभरात झालं. फाइली, फाँट, सगळं जागच्या जागी. (कोरं विंडोज टाकणार असाल तर मंगल, कोकिळा हे फाँट आहेत का ते पाहा. नसले तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घ्यायचे.) परत विंडोज १०वर जायची सोय फक्त १० दिवस असते. त्या दिवसांत मी प्रत्येक प्रकारचं एकेक काम मुद्दाम करून घेतलं: चार रंगांची पत्रिका, ए-थ्री अहवाल, स्क्रीन प्रिंटिंगसाठी ट्रेसिंगवर प्रिंट, दोनशे पानी प्रबंधाची पीडीएफ. जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचली. कुठे काही हललं नाही.

सगळ्यात आवडली ती खिडक्या शेजारी-शेजारी लावायची सोय. विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की आराखडे समोर येतात. डावीकडे हस्तलिखिताचा स्कॅन, उजवीकडे टाइप केलेला मजकूर. प्रुफं तपासताना मान कमी दुखते. राइट क्लिकचा मेनू मात्र नावडता. निम्म्या गोष्टी ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे गेल्यात.

दुसरं मशीन २०१७चं, सातव्या पिढीचं, ते विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत बसतच नाही. त्यात आमचा जुना मराठी फाँटसंच आहे, यूएसबी लॉकवर (मशिनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशा किल्लीवर) चालणारा. त्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटचा, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, त्यावर तो चालत नाही. विंडोज १०ला एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण मी ती न घेता सरळ नेटची केबलच काढली. पेन ड्राइव्ह तिथे जायच्या आधी मोठ्या मशिनवर तपासला जातो.

पंधरा वर्षांच्या फाइली त्याच फाँटमध्ये आहेत. आईच्या लग्नाची पत्रिका पुन्हा छापून हवी म्हणून मुली येतात. रोज दुपारी दोन-तीन फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येईल अशा अक्षरांत, उतरवतेय; सध्या २०१४ चा मार्गशीर्ष चालू आहे.